दुबई कुठल्या अंगाला?

कोंडाबाई रडली असती तर हेमलताला एवढी काळजी वाटली नसती. रडणं माणूस समजू शकतो. तिला सुचू देत नव्हतं ते कोंडाबाईचं हसू.

सोमवारी सकाळी पॉलिहाऊसच्या दारात कोंडाबाई उभी राहिली होती. गुलाबाच्या काट्यांनी ओरबाडलेले हात पदराला पुसत होती आणि हसत होती, तोंडभर, पुढचा पडलेला दात झाकायचंही भान नव्हतं.

"वैनी, नथू सापडला," ती म्हणाली. "माजा भाऊ. दुबईत हाय. माज्या विकासपाशी हाय."

हेमलताच्या हातातली कात्री तशीच राहिली. नथू मुळशीच्या धरणात बुडाला होता. सगळ्या वाडीला ते ठाऊक होतं, कासारसाईत हेमलताच्या घरी ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त त्याच्या बहिणीला.

"हो का?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग कोंडाबाईने तिच्या हातावर साखर ठेवली आणि हेमलताने ती खाल्लीसुद्धा. त्या साखरेची चव नंतर कितीदा चूळ भरली तरी तोंडातून गेली नाही.

कोंडाबाई मूळची धरणाच्या पल्याडची. ताम्हिणीकडे जाताना डोंगराच्या कुशीत थोडक्या घरांची एक वाडी आहे, खाली पाणी आणि वर जंगल, तिथली. नवरा चिंधू काविळीने गेला तेव्हा विकास पाटी-दप्तराचा होता आणि रोहिणी कडेवर. दोन्ही पोरं वाढवली ती नथूने. त्याने स्वतःचं लग्न केलं नाही. लोक विचारायचे तर म्हणायचा, "बहिनीचा संसार आयता मिळालाय, दुसरा कशाला मांडू?" तो धरणात मासे धरायचा. ट्रकच्या चाकातली मोठी ट्यूब फुगवायची, तिच्यावर फळी टाकून बसायचं आणि हातांनी पाणी कापत आत जाऊन जाळं सोडायचं. तिकडे सगळेच असं करतात. पोहायला त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

एका श्रावणात वारा सुटला आणि नथूची ट्यूब एकटीच काठाला आली. फळी नव्हती, जाळं नव्हतं, नथू नव्हता. लोकांनी किती दिवस काठ पालथा घातला. कोंडाबाई तेव्हा हंगामापुरती हेमलताकडे फुलं काढायला यायची, म्हणून ती आणि तिचा नवरा इंद्रजित गाडी काढून वाडीवर गेले होते. तेव्हा ती ट्यूब कोंडाबाईच्या घराच्या कुडाला टांगलेली हेमलताने पाहिली होती. काळी, हवा गेलेली, एखाद्या मोठ्या जनावराच्या कातड्यासारखी लोंबणारी. कोंडाबाई त्या कुडाला पाठ लावून बसली होती. दहावं करू द्यायला ती तयार नव्हती.

"मानूस बघितल्याबिगर मानूस मेलं कसं म्हनू?" तिचा एकच जबाब.

पितरांच्या पंधरवड्यात ती नवऱ्याचं पान वाढायची, भावाचं वाढायची नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या बायका बोलायच्या, तळतळाट लागेल म्हणायच्या. कोंडाबाई ऐकून घ्यायची आणि पान वाढायची नाही ते नाहीच.

नंतर पोट भरायला ती दोन्ही पोरांना घेऊन कायमची कासारसाईला आली. हेमलताच्या पॉलिहाऊसमागच्या खोलीत राहू लागली. फुलं काढायची, पानं खुडायची, मोठ्या-लहान दांड्या वेगळ्या करून जुड्या बांधायच्या. शिमग्याला आणि दिवाळीला तेवढी वाडीवर जायची. कामात ती गप्प असे. पण बाकीच्या बायका गप्प बसू देणाऱ्या नव्हत्या, त्यातून सगुणाबाई तर मुळीच नाही.

विकास परदेशी जाणार म्हणून कळलं त्या दिवशीची गंमत हेमलताला अजून आठवते. विकास हिंजवडीच्या एका कंपनीत झाडलोटीला होता. महाळुंग्याच्या नव्या इमारतीत ऑफिस थाटलेल्या कुण्या एजंटाने त्याला सांगितलं की दुबईच्या हॉटेलात काम आहे, कॉम्प्युटरवर बसायचं, जेवण-राहणं फुकट. पोरगं बारावी झालेलं, चलाख. हुरळून गेलं.

"दुबई म्हंजी अमेरिकेच्या अलीकडं का पल्याड?" जुड्या बांधता बांधता पिंकीने विचारलं होतं. पिंकी सगळ्यांत लहान, लग्न होऊन नुकतीच गावात आलेली.

"अगं येडे, अमेरिका दुबईतच हाय," सगुणाबाई म्हणाली. "कैलासचा साडू गेलता, एका तिकिटात दोनी बघून आला."

"आन् लंडन?"

"लंडन कंपनीचं नाव असतंय. पाट्या बघत न्हाईस व्हय हिंजवडीत?"

"मग ही आपली फुलं कुटं जात्यात वो?"

"जात्यात इमानानं. तिकडं बाया न्हाईत डोक्यात घालत. खात असतील बकरीवानी."

सगळ्या हसल्या. हेमलताही हसली. रात्री जेवताना तिने इंद्रजितला सांगितलं आणि तो भाकरीचा घास हातात धरून हसला. मग मध्येच थांबून हेमलता म्हणाली, "पण खरंच अहो, दुबई कुठल्या देशात येते?"

"सौदीत असंल," इंद्रजित म्हणाला. "का सौदी दुबईत? दोन्ही एकच."

तेव्हा दोघांनाही पुढे बघायची गरज वाटली नाही. हेमलता बी.कॉम. झालेली. भूगोल दहावीला सुटला तो सुटलाच. नकाशा म्हणजे मार्कांसाठी भरायचा कागद. गावातल्या कितीतरी जणांनी जमीन विकून परदेशाच्या सहली केल्या होत्या, पण विचारलं तर हॉटेलातला नाश्ता सांगायचे. तो देश कुठे आहे, त्याच्या शेजारी कोण राहतं, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. गावाच्या दृष्टीने परदेश एकच, त्याला नावं दोन. श्रीमंतांची पोरं गेली की अमेरिका आणि गरिबांची गेली की दुबई.

विचारलं ते फक्त कोंडाबाईने. विकास गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हेमलताच्या ओट्यापाशी आली. हातात पणती होती.

"वैनी, दुबई कुठल्या अंगाला आली?"

"का हो?"

"दिवा लावायचाय. आमच्यात घरचं मानूस लांब गेलं की त्याच्याकडं तोंड करून दिवा ठिवत्यात. त्येला घराचा उजेड दिसाय पायजे. आई ठिवायची, मी बी ठिवते. पन अंग चुकलं की मानूस चुकतंय."

हेमलताने क्षणभर विचार केला. समुद्र पश्चिमेला. समुद्रापलीकडे दुबई. तिने हात वर करून उसाच्या वरून दिसणाऱ्या डोंगराकडे दाखवलं. सूर्य तिकडेच बुडत होता.

"तिकडे. मावळतीला. कोकणाच्या पलीकडे समुद्र आहे ना, त्याच्या पलीकडच्या काठाला."

कोंडाबाईचा चेहरा बदलला. तिला जणू आधीच माहीत असलेलं काहीतरी कुणीतरी मोठ्याने बोललं होतं.

"म्हंजी आमच्या पान्याच्याच वाटंनं," ती म्हणाली.

तिचं म्हणणं काय आहे हे हेमलताला त्या दिवशी नीट कळलं नव्हतं. पुढे हळूहळू कळलं. धरणाचं पाणी तिथेच साचून राहत नाही, हे धरणाकाठच्या माणसांना लहानपणापासून माहीत असतं. ते डोंगराच्या पोटातून खाली कोकणात उतरवतात, तिथे त्याची वीज होते आणि मग ते नदीने खाडीला, खाडीने समुद्राला मिळतं. कोंडाबाईच्या जगाचा नकाशा याच पाण्याने काढलेला होता. उगवतीला पुणं, पुण्याच्या पुढे सोलापूर, आणि तिथे जग संपलं. मावळतीला मात्र ते संपत नव्हतं. पाणी, घाट, कोकण, समुद्र, आणि समुद्राचा पल्याडचा काठ. धरणात गेलेली वस्तू काठाला लागली नाही, तर ती जाणार कुठे? पाण्याबरोबरच जाणार. नथू काठाला लागला नव्हता.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण विकास दुबईला गेल्यापासून ती रोज दिव्याचं तोंड मावळतीकडे करायची आणि ओठांतल्या ओठांत दोन नावं घ्यायची. हेमलताला वाटायचं, दुसरं नाव देवाचं असेल.

विकासचा फोन दर रविवारी यायचा, दिवस कलायला लागला की. त्याचा नंबर जुनाच होता, इंटरनेटवरून चित्रासकट बोलायचा. इकडून लावला तर लागायचा नाही. पहिल्या महिन्यात तो हसायचा, खोलीत किती जण आहेत ते सांगायचा. मग बोलणं कमी झालं. मग कधी कधी चित्रच यायचं नाही, नुसता आवाज.

"वाळलाय गं लेकरू," कोंडाबाई एकदा म्हणाली होती. "आन् अंधारात बसतंय. हितं ऊन डोळ्यात जातंय आन् त्याच्या खिडकीत काळंमिट्ट. तितं लवकर रात हुती का वो वैनी?"

"वेळ वेगळी असते तिकडे," हेमलता फुलांच्या गाडीचं भाडं ठरवता ठरवता म्हणाली होती. उत्तर दिलं आणि विसरली.

आणि मग तो सोमवार. ती साखर.

"म्हनाला नथूमामा हाय हितं," कोंडाबाई पुन्हा पुन्हा सांगत होती. "मी तुमास्नी म्हनत नव्हते का? म्येला न्हाई म्हनून? पान वाढलं न्हाई म्या. वाढलं असतं तर केवढं पाप लागलं असतं!"

सगुणाबाईने तोंडाला पदर लावला. पुटपुटली, "म्हातारीचं डोकं फिरलं." पण मोठ्याने बोलली नाही. एवढ्या तोंडाळ बाईचीसुद्धा हिंमत झाली नाही.

हेमलताने रोहिणीला बाजूला घेतलं. रोहिणीची बारावी गेल्या वर्षी झाली होती. दुकानात कामाला जायची, केस मोकळे सोडायची, फोनला शब्दांपेक्षा चित्रं जास्त पाठवायची. तिचंही तिकीट निघालं होतं. एजंट तोच. शिमगा उरकला की पुढच्या सोमवारी विमान.

"रोहिणी, दादा नक्की काय म्हणाला गं?"

"काकू, तुम्ही पण ना. असेल कोणीतरी नथू. तिथं आपली किती माणसं असतात. मोठ्या माणसाला मामाच म्हणतात की सगळे. आई उगाच धरून बसलीये."

"मग आईला सांग की तसं."

रोहिणीने मान खाली घातली. "चार वर्षांत असं हसलेली नाही ती, काकू. मी नाही सांगणार."

हेमलतालाही ते पटलं. पटलं म्हणजे तिने ते पटवून घेतलं. कोंडाबाईने बाजारातून एक शर्ट आणला, भावाच्या मापाचा. सुकट भाजून डब्यात भरली. रोहिणीबरोबर द्यायची होती, कारण नथूला सुकटीशिवाय भाकरी जात नसे. गुरुवारी ती रोहिणीला घेऊन वाडीवर गेली, देवीच्या पाया पाडायला. शर्टाची पिशवी छातीशी धरून एसटीत चढली. जाताना हसत होती.

आता ती खोली रिकामी होती आणि भिंतीशी विझलेली पणती मावळतीकडे तोंड करून बसली होती.

हेमलता स्वभावाने काळजी करणारीच. तिची किमया नववीत होती. क्लासच्या बसने हिंजवडीला जायची तर हेमलता फोनवर तिचा निळा ठिपका बघत राहायची. ठिपका पुलावर अडकला की हिचा जीव अडकायचा. ठिपका क्लासच्या दारात पोचला की मग भाजी फोडणीला पडायची. आपलं लेकरू कुठल्या गल्लीत, रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते तिला कळायचं. आणि कोंडाबाईला आपलं लेकरू पृथ्वीच्या पाठीवर कुठे आहे ते माहीत नव्हतं. तरी ती झोपायची. दिव्याचं तोंड बरोबर आहे या भरवशावर झोपायची.

शनिवारी दुपारी किमयाची उजळणी चालली होती. भूगोलाचा पेपर जवळ आला होता. हेमलता लसूण सोलता सोलता पुस्तकातले प्रश्न विचारत होती.

"पूर्वेकडच्या ठिकाणची वेळ पश्चिमेकडच्या ठिकाणाच्या पुढे असते. कारण सांगा."

"कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते," किमयाने एका दमात म्हटलं. "म्हणून पूर्वेकडे सूर्य आधी उगवतो आणि आधी मावळतो. मम्मी, पुढचा विचार, हा येतो मला."

हेमलताने पुढचा विचारला नाही.

"आणि पश्चिमेकडे?"

"नंतर. साधं आहे."

"दुबई?"

"दुबई काय?"

"दुबई आपल्या कुठल्या बाजूला?"

"पश्चिमेला. एवढं पण माहीत नाही तुला?"

"मग आपल्याकडे ऊन आहे, आणि दुबईत रात्र झाली. असं होतं का?"

किमयाने तिच्याकडे बघितलं. आईला खरंच काहीतरी विचारायचंय हे तिला कळलं असावं, कारण तिने चेष्टा केली नाही. फोन घेतला, काहीतरी शोधलं. "नाही होत. आपल्याकडे अंधार पडला तरी तिथं उजेड असतो थोडा वेळ. आपल्या आधी अंधार पडायला तो देश आपल्या पूर्वेला पाहिजे."

"पूर्वेला कोणते देश आहेत?"

किमयाने नकाशाचं पान उघडून समोर ठेवलं. हेमलता वाकून बघत राहिली. नावांमागे नावं. त्यातली काही सहलीच्या जाहिरातींत वाचलेली, बाकीची कधी न ऐकलेली. एकेका देशाला रंग दिलेला होता, गुलाबी, पिवळा, पोपटी. या सगळ्या रंगांखाली माणसं असतात, खोल्या असतात, खिडक्या असतात, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. यातल्या कुठल्या रंगाच्या आत विकास बसलाय? कोंडाबाईच्या जगात पूर्वेला सोलापूरच्या पुढे काहीच नव्हतं. आणि ती तिथे होती, ती काळीमिट्ट खिडकी.

लसणाची टोपली तशीच टाकून ती परसात गेली. रोहिणीने विकासचा आवाज रेकॉर्ड केलेला होता, तो कोंडाबाईने हट्टाने हेमलताच्या फोनवर पाठवायला लावला होता. "कान दिऊन ऐका वैनी, माज्या भावाचं नाव घेतंय लेकरू." हेमलताने तो तेव्हा अर्धाच ऐकला होता. आता फोन कानाला लावून पूर्ण ऐकला.

"आई, मी हितं मजेत हाय. काम चांगलं हाय. खायला चांगलं हाय. पगार टायमावर हाय. रोहिणीला पाठव."

शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसा आवाज. हाय, हाय, हाय. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी हिंदीत हळू म्हणालं, "जल्दी." मग विकासचा आवाज पुन्हा आला, पण तो वेगळा होता. धरणाच्या काठावरून हाक मारावी तसा. त्याचा स्वतःचा.

"काळजी करू नको आई. नथूमामा हाय हितं. रोहिणीला न्यायला त्योच यीनार हाय. तिला सांग, मामाची ट्यूब बी हितंच हाय. सांग तिला. इसरू नको."

हेमलता तिथेच जांभ्याच्या पायरीवर बसली. ट्यूब वाडीवर होती. कुडाला टांगलेली. विकासने स्वतः ती काठावरून उचलून घरी आणली होती, खांद्यावर, रिकामी. मामा परत येणार नाही हे वाडीत सगळ्यांत आधी त्याला कळलं होतं.

शेजारी उभं राहून जो कुणी ऐकत असेल, त्याला यात काय कळणार होतं? एक मामा, एक ट्यूब. घरगुती बोलणं. फोनवर ऐकणाऱ्या दोघींनाच याचा अर्थ कळू शकत होता, आणि त्यातल्या एकीने आनंदाने साखर वाटली होती आणि दुसरीने तिचा आनंद मोडवेना म्हणून कान बंद केले होते.

संध्याकाळी इंद्रजित शेतातून आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो चहा फुंकत ऐकत होता.

"पोरगं खोलीत पडदा लावून बसलं असंल," तो म्हणाला.

"खिडकी उघडी होती. कोंडाबाईने पाहिलीय."

"कोंडाबाईने दुबईत नथूही पाहिलाय, हेमा."

"अहो, चेष्टा नका करू."

"चेष्टा नाही करत." त्याने कप खाली ठेवला. "समज तू म्हणतेस ते खरं. तक्रार कुणाकडं करणार? पोलीस पहिलं काय विचारतील? कुठल्या देशात आहे? काय सांगशील? आपल्या उगवतीला आहे?"

हेमलताने त्याचा कप उचलून मोरीत ठेवला.

"आणि समज खरं नसलं. तिच्या पोरीचं चांगलं होत होतं ते तू मोडलंस, असं होईल. गरिबाची माणसं एकदाच गावाबाहेर पडतात. आयुष्यभर शिव्या देईल."

तो वाईट माणूस नव्हता. तो बोलला ते अख्खं गाव बोललं असतं. जे लांब आहे त्याच्यात आपण पडू नये, ते आपल्याला कळत नाही, ज्याचं तो बघेल. हेमलता स्वतः आजवर असंच म्हणत आली होती. "वेळ वेगळी असते तिकडे."

रात्रभर तिला ती पणती दिसत राहिली. किती महिने ती कोंडाबाईने तेल घालून लावली होती, वाऱ्याला आडोसा करून, तोंड नीट वळवून. आणि विकास तिच्या पाठीमागे होता. पाठीमागून हाका मारत होता. समोर नुसता रिकामा समुद्र होता आणि त्या समुद्राकडे बोट हेमलतानेच दाखवलं होतं. डोळा लागला तेव्हा स्वप्नात ट्यूब आली. काळ्या पाण्यावर एकटीच फिरत होती. तिच्यावर एक मोकळ्या केसांची मुलगी बसली होती, पण तिचं तोंड वळत नव्हतं म्हणून ती रोहिणी की किमया ते कळत नव्हतं.

रविवारी ती दिवसभर काम करत राहिली. दोन वेळा ओटा धुतला. किमयाला उगीच रागावली, मग उगीच जवळ घेतलं. दुपार कलली तशी घरात बसवेना. ती पॉलिहाऊसमागच्या खोलीपाशी गेली.

वाडीवर फोनला रेंज नव्हती. खाली पाण्याच्या काठाला एक मोठा खडक होता, तिथे तेवढी यायची. वाडीवर असल्या तर रविवारी दिवस कलला की मायलेकी तिथे जाऊन बसायच्या, विकासच्या फोनची वाट बघत. म्हणजे आत्ता त्या तिथे असतील. कोंडाबाईच्या मांडीवर शर्टाची पिशवी असेल. समोर नथूला घेऊन गेलेलं पाणी असेल आणि ती त्याच्याकडे बघून हसत असेल. थोड्या वेळाने विकासचा फोन येईल. कुणीतरी त्याच्या शेजारी उभं असेल. तो पुन्हा मामाचं नाव घेईल, पुन्हा ट्यूबचं. याहून मोठ्याने त्याला ओरडता येत नव्हतं. आई म्हणेल, "मामाला फोन दे की रं." आणि मग उद्या रोहिणी विमानात बसेल.

तिने फोन हातात घेतला. काय सांगायचं? विकास दुबईत नाही, एवढंच सांगून भागेल का? कोंडाबाई म्हणेल, नसंल तर नसंल, जितं कुटं हाय तितं नथूसंगट हाय ना? मग कशाची भीती? पोरगी मामाकडंच चाललीये. तिच्या जगात ते इतकं नीट बसलेलं होतं की त्यात सुई शिरायला जागा नव्हती. जोवर नथू जिवंत होता तोवर विकास सुखरूप होता. विकास धोक्यात आहे हे तिला कळायला हवं असेल, तर आधी नथूला बुडू द्यायला हवं होतं. इतकी वर्षं जे वाडीला जमलं नाही, नातेवाइकांना, म्हाताऱ्या बायकांना, पितरांच्या पंधरवड्याला जमलं नाही, ते हेमलताला आता, फोनवरून, त्या पाण्याच्या काठावर बसलेल्या बाईला सांगायचं होतं. आणि ते सांगून झाल्यावर लगेच विकासचं सांगायचं होतं. एकाच श्वासात भाऊही घ्यायचा आणि लेकही.

कदाचित कोंडाबाई पुन्हा कधी तिच्या दारात येणार नाही. कदाचित इंद्रजित म्हणतो ते खरं असेल, आणि विकास खरंच कुठल्या तरी हॉटेलच्या मागच्या खोलीत मजेत असेल. तसं असलं तर बरंच. शिव्या खायला ती तयार होती. कुठला देश ते नंतर शोधता येईल. पोलिसांकडे जाता येईल, विमानतळावर विचारता येईल, किमयाच्या नकाशातल्या एकेका रंगावर बोट ठेवून विचारता येईल. आज पोरगी इथे ठेवायची. एवढंच.

तिने खाली वाकून पणती उचलली. आत तेलाचा काळा थर वाळला होता. ती हातात धरून हेमलता वळली, मावळतीकडे पाठ करून, आणि पणती उगवतीच्या बाजूच्या दगडावर ठेवली. तिकडे उसाच्या पलीकडे हिंजवडीचे मनोरे होते, त्यांच्या काचांवर अजून ऊन होतं. त्या काचांच्या पुष्कळ पलीकडे कुठेतरी अंधार पडला होता.

फोनवर रोहिणीचं नाव होतं, शेजारी तिचा मोकळ्या केसांचा फोटो. विकासच्या आधी आपला फोन लागायला हवा होता.

'रोहिणी, फोन आईकडे दे, आणि तिचा हात धरून बस.' हे पहिलं वाक्य. हेमलताने ते एकदा मनात म्हणून पाहिलं आणि हिरव्या बटणावर अंगठा टेकवला.